चळवळीतला माणूस आमदार झाला, तर चळवळीचं काय होतं?

माळरान (धागाकर्ता)

आमच्या तालुक्यात (जिल्हा बीड) एक ताई ऊसतोड मजुरांमध्ये काम करतात. उचल (हंगामाआधी घेतलेले पैसे) फिटली नाही म्हणून मुकादमाने (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने) कुटुंब अडकवून ठेवलं, तर रात्री-अपरात्री फोन त्यांनाच जातो. बायकांचे दवाखान्याचे कागद, रेशनकार्ड, पोरांचे शाळेचे दाखले, सगळं त्यांच्या पिशवीत. यंदा टोळ्या निघायच्या आधी गावोगाव बैठका झाल्या, आणि जिथं जाऊ तिथं एकच विषय: ताईंनी पुढची विधानसभा लढवावी. ताई हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. आम्हा कार्यकर्त्यांत मात्र सरळ दोन तट पडलेत.

माझं मत उभं राहावं असं आहे. तहसीलसमोर धरणं धरायचं, निवेदन द्यायचं, पोच घ्यायची, आणि पुढच्या हंगामात तेच निवेदन नवी तारीख टाकून पुन्हा द्यायचं, हे किती वर्षं करणार? जिथं कायदा होतो तिथं आपलं माणूस नको का? मृणालताई गोरे यांचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. रस्त्यावरची बाई विधानसभेत गेली, लोकसभेत गेली, आणि तरी रस्त्यावरचीच राहिली.

दुसऱ्या तटाचं म्हणणं असं की ताई आमदार झाल्या की संघटना संपली. ज्यांनी असं जवळून पाहिलंय त्यांनी लिहावं. तुमच्याकडे काय झालं?

गोरेगाव_पश्चिम

मृणालताईंचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमचं घर गोरेगावातलं, आई ताईंच्या मोर्च्यांत असायची.

आईच्या तोंडून ऐकलेलं गोरेगाव म्हणजे पहाटे नळाशी लागलेली हंड्या-कळश्यांची रांग. बायका हंडा रांगेत ठेवून घरी पोळ्या लाटायला जायच्या, एकजण सगळ्यांच्या हंड्यांवर लक्ष ठेवायची आणि पाणी आलं की हाका मारायची. ताईंनी या बायकांना महापालिकेच्या दारात नेलं, रिकाम्या हंड्यांसकट. तिथून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या.

पण त्या एकदम आमदार झाल्या नाहीत, हे लक्षात घ्या. डॉक्टरकीचं शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात आल्या. आधी गोरेगावची ग्रामपंचायत. १९५८ मध्ये पती केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. मग १९६१ मध्ये मुंबई महापालिका, आणि विधानसभा थेट १९७२ मध्ये. त्याच सुमाराला दुष्काळ आणि महागाई. तेल, साखर, रॉकेल, काही मिळेना. तेव्हा मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी भाकपच्या, आणि तिघींनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती चालवली. लाटणे मोर्चा तोच. आईने लाटणं नेलं होतं, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच लाटण्याने पोळ्या केल्या, हे ती फार अभिमानाने सांगायची.

म्हणजे आमदार होऊनही त्या मोर्च्यात होत्या, हे @माळरान यांचं म्हणणं अगदी खरं. आणीबाणीत भूमिगत राहिल्या, मग तुरुंग. १९७७ ला लोकसभेवर गेल्या तेव्हाची घोषणा सगळ्यांना पाठ असेल: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात! मोरारजीभाईंनी आरोग्यमंत्रिपद देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही.

चहाबाज

ती घोषणा आमचे बाबा अजून म्हणतात, अगदी चालीवर :) बाकी वाचतोय.

ठाणेकर_वकील

मृणालताईंबद्दल आदर आहेच, पण अशा उदाहरणांवरून निर्णय घेऊ नका. उलट बाजूही पाहा. इरोम शर्मिला यांनी मणिपूरमध्ये 'अफ्स्पा' या लष्कराला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध सोळा वर्षं उपोषण केलं. नाकातून नळीने अन्न देऊन त्यांना जिवंत ठेवलं होतं. २०१७ मध्ये थौबलमधून मुख्यमंत्र्यांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि मतं पडली ९०. मेधाताई पाटकर २०१४ ला ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभ्या होत्या, त्यांनाही लोकांनी निवडून दिलं नाही.

लोक कार्यकर्त्याला मान देतात, दारात आला तर चहा देतात, आंदोलनाला पावती फाडतात. मत देताना मात्र हिशेब वेगळा असतो. आणि हरल्यावर काय होतं याचा विचार @माळरान यांनी केलेला दिसत नाही. ज्या तहसीलदारासमोर ताई आज पाचशे माणसं घेऊन बसतात, तो उद्या म्हणेल, तुमच्यामागे किती लोक आहेत ते निकालात दिसलं. ती पत गेली की परत मिळत नाही.

बांधावरची_बाभळ

वकीलसाहेबांशी सहमत. आमच्या भागात आमदार म्हणजे लग्नात अक्षता टाकायला, दहाव्याला नदीवर आणि बदलीसाठी मंत्रालयात. हे सगळं केलं तर पुढच्या वेळी निवडून यायची आशा. एका दिवशी मुहूर्ताची लग्नं किती असतात ते विचारा एखाद्या आमदाराच्या ड्रायव्हरला. ताई हे करणार, की कारखान्यावर अडकलेलं कुटुंब सोडवायला जाणार?

शिवाय पैसा. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची अधिकृत मर्यादाच ४० लाख आहे. तेवढे तरी कुठून आणायचे?

गोरेगाव_पश्चिम

@ठाणेकर_वकील, शर्मिलांचं उदाहरण इथं बसत नाही असं मला वाटतं. त्यांचा लढा एकटीच्या देहाने दिलेला होता, आणि ती सगळी वर्षं त्या कोठडीत, रुग्णालयात. घरोघरी जाणारी, मतदारयाद्या माहीत असलेली माणसं त्यांच्यामागे उभी करायला वेळच मिळाला नाही. मृणालताईंना गोरेगावातली प्रत्येक चाळ ठाऊक होती. बीडच्या ताईंचं काम दुसऱ्या प्रकारात मोडतं.

वसईची_हवा

आमच्याकडचा अनुभव लिहितो. विवेक पंडित यांची श्रमजीवी संघटना वेठबिगारांच्या मुक्तीतून उभी राहिली. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. कायदा होता, पण मुंबईपासून हाकेच्या अंतरावर आदिवासी कुटुंबं लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी मालकाच्या घरी राबत होती. लग्नासाठी कर्ज, म्हणून 'लग्नगडी' म्हणायचे. त्यांना मुक्तीचे दाखले मिळवून देण्यापासून काम सुरू झालं.

पंडित २००९ ला वसईतून अपक्ष म्हणून निवडून आले. पण ते मुक्त झालेल्या वेठबिगारांच्या मतांवर आले का? फक्त त्यांच्या नाही. त्या वेळी वसई-विरार महापालिकेत गावं घालायला मोठा विरोध चालू होता. शेतकरी, ख्रिस्ती समाज, वाडवळ, आगरी, सगळे त्या लढ्यात होते आणि पंडित त्याच्या पुढे होते. शिवसेनेचाही पाठिंबा होता. २०१४ ला ते हरले.

माझा मुद्दा: संघटनेचा गाभा आणि निवडून देणारी मतं या दोन गोष्टी वेगळ्या असतात. गाभ्याबाहेरचे लोक ज्या प्रश्नावर बरोबर येतील असा प्रश्न ताईंकडे आहे का? पंडित हरले तरी श्रमजीवी संघटना बंद पडली नाही, ती आजही मोर्चे काढते. म्हणून 'आमदार झाल्या की संघटना संपली' हेही मला पटत नाही. जिथं दुसरी फळी असते तिथं नाही संपत.

मांडवीकाठ

गोव्याचं एक उदाहरण. माथानी साल्ढाणा हे शिक्षक. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले आणि किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडायला लागले, तेव्हा त्यांनी रापणकारांची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळी ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांची, चळवळ उभी केली. ट्रॉलरना किनाऱ्यापासून दूर ठेवा ही मागणी. त्या रेट्यातून १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. तेव्हा माथानी आमदार नव्हते! आमदार, मंत्री ते पुष्कळ नंतर झाले आणि २०१२ मध्ये मंत्री असतानाच वारले. आमच्याकडे लोक त्यांची आठवण काढतात ती रापणकारांचे माथानी म्हणून, पर्यटनमंत्री म्हणून नव्हे.

माळरान

@वसईची_हवा, दुसऱ्या फळीचा प्रश्न वर्मी लागला. आमच्याकडे पोरं आहेत, चांगली आहेत, पण कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याशी बोलायची वेळ आली की सगळे ताईंच्या तोंडाकडे बघतात.

@बांधावरची_बाभळ, पैशाचं म्हणाल तर लोकवर्गणी हाच मार्ग आहे. कोयत्यामागे शंभर रुपये द्यायला लोक आजच तयार आहेत. (कोयता म्हणजे आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती कोयत्यावर.)

माजी_स्वीय_सहायक

मी विधानसभेतल्या एका आमदारांकडे स्वीय सहायक होतो. नाव, पक्ष सांगणार नाही. इथं सगळे निवडून येण्याबद्दल बोलताहेत, आत गेल्यावर काय करता येतं याबद्दल कुणीच नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आमदाराच्या हातात मुख्य हत्यार निधी नाही. तो आता वर्षाला पाच कोटी झाला आहे, आणि त्यात सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट दिवे होतात. खरं हत्यार म्हणजे प्रश्न. तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याने सभागृहात द्यायचं असतं), लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने मांडलेलं). तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो:

(१) अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही करण्यात आली वा येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आता गंमत बघा. पहिल्या भागात तुम्ही लिहिलंत 'ऊसतोड मजुरांवर अन्याय होत आहे, हे खरे आहे काय', की खात्याकडून उत्तर येतं: '(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.' संपलं. पहिला भाग पडला की खालचं सगळं घर कोसळतं. आणि पहिला भाग पाडायचा कसा, यात मंत्रालयातला कक्ष अधिकारी मुरलेला असतो.

पण तुम्ही लिहिलंत की अमुक तारखेला अमुक जिल्हाधिकाऱ्यांना अमुक मजकुराचे निवेदन प्राप्त झाले, हे खरे आहे काय, तर 'हे खरे नाही' म्हणता येत नाही. पोच तुमच्याकडे असते. मग दुसऱ्या, तिसऱ्या भागाचं उत्तर द्यावंच लागतं, खालून अहवाल मागवावा लागतो, आणि जिल्ह्यातली ती फाइल हलते. प्रश्न सभागृहात पुकारला गेला नाही तरी हलते. @माळरान, तुम्ही ज्या पोचांना कंटाळला आहात त्या पोचा म्हणजे सोनं आहे.

बहुतेक आमदारांकडे अशी माहितीच नसते. वर्तमानपत्राची कात्रणं काढून प्रश्न टाकले जातात. चळवळीतून आलेला आमदार इथं भारी पडतो, कारण त्याच्याकडे गाव, तारीख, नाव, कागद सगळं असतं. पण हे तेव्हाच, जेव्हा बाहेर संघटना चालू असते आणि कागद येत राहतात. दोन अधिवेशनं गेली आणि कागद यायचे थांबले, तर तोही कात्रणांवर येतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सांगोल्याचा

@माजी_स्वीय_सहायक, कडक! हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा आहे.

आमचे आबा, गणपतराव देशमुख, अकरा वेळा निवडून आले. एसटीने प्रवास आणि साधी राहणी यांच्या गोष्टी सगळे सांगतात, पण अभ्यास करून सभागृहात बोलणं ही त्यांची खरी ओळख. १९६२ पासून. मधे १९७२ आणि १९९५ ला हरलेही. हरले म्हणून काही त्यांची पत गेली नाही, वकीलसाहेब.

ठाणेकर_वकील

@सांगोल्याचा, आबांच्या मागे शेकापसारखा (शेतकरी कामगार पक्ष) बांधलेला पक्ष होता. ताई अपक्ष लढणार की पक्षाकडून? हा प्रश्न टाळून चालणार नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाच्या तिकिटावर आलेल्या माणसाला व्हीपविरुद्ध (पक्षाच्या आदेशाविरुद्ध) मत देता येत नाही, आमदारकी जाते. उद्या साखर कारखान्यांना सवलत देणारं विधेयक आलं आणि पक्ष बाजूने असला, तर ताईंना हात वर करावा लागेल. अपक्ष राहिल्या तर मत मोकळं, पण बोलायला वेळ तुटपुंजा.

गोदाकाठची_माई

थोडं विषयांतर होईल, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. रोजगार हमी योजना कुणाची? वि. स. पागे यांची. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे सभापती. सभापतीची खुर्ची म्हणजे सगळ्यात कमी बोलायची जागा, आणि त्या माणसाने विसापूर भागातल्या प्रयोगावरून अख्खी योजना मांडली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. तेव्हा खडी फोडायला गेलेल्या बायका मी पाहिल्यात. पण योजना सुरू झाल्यावर तिचा कायदा व्हायला १९७७ उजाडलं, आणि अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मधली वर्षं काय झालं? काम मागणाऱ्या मजुरांचे मोर्चे झाले, संघटना झाल्या, डाव्या पक्षांनी रान उठवलं. सरकारची योजना सरकार कधीही बंद करू शकतं, कायदा असेल तर काम हा हक्क होतो, हे त्या मोर्च्यांनी लावून धरलं. आत पागे आणि बाहेर मजूर.

गर्भलिंगनिदानाचंही तसंच. बाहेर स्त्री-संघटना परिषदा घेत होत्या, डॉक्टरांशी भांडत होत्या, आत मृणालताई पाठपुरावा करत होत्या. १९८८ ला महाराष्ट्राने कायदा केला, देशाचा आला १९९४ ला.

आणि ऊसतोडणीचा विषय आहे म्हणून: बीडमधल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये समिती नेमली गेली, तीही विधान परिषदेत विषय निघाल्यावर. अध्यक्ष नीलमताई गोऱ्हे, त्याही मूळच्या स्त्री-चळवळीतल्या. पत्रकार आणि कार्यकर्त्यांनी आधी गावोगाव फिरून ते बाहेर काढलं नसतं तर सभागृहात काय निघणार होतं?

टोळीतली_लेक

सगळं वाचलं. माझे आईवडील अजून कोयता घेऊन जातात, मी वसतिगृहात राहून शिकले. एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही म्हणून पहिल्यांदाच इथं लिहिते.

२०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली. तेव्हा आमच्या वस्तीत म्हातारी माणसं आणि कुलपं होती. आईवडील पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात. मतदानाला यायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं, आणि मुकादम सोडेल तर. जी माणसं आली ती उमेदवारांनी पाठवलेल्या गाड्यांतून आली. ज्याची गाडी, त्याचं मत, असं सगळ्यांचंच नसतं, पण गाडीत बसलेल्या माणसावर दडपण असतंच. टपाली मतदान आम्हाला नाही. स्थलांतरितांना आहे तिथून मत देता यावं म्हणून निवडणूक आयोगाने २०२३ च्या जानेवारीत एक यंत्र पक्षांना दाखवायला ठेवलं होतं, ते पुढे काही आलं नाही.

ताईंच्या मागे हजारो माणसं आहेत हे खरंय. पण मतदानाच्या दिवशी ती तालुक्यात नसतात. त्यामुळे ताई उभ्या राहाव्यात की नाही याआधी आमचं मत कसं पडेल हे बघा. मी ताईंना ओळखते. माझ्या आईला फडातून दवाखान्यात त्यांनीच नेलं. त्या हरल्या तर ते आमच्या घरांना लागेल.

बांधावरची_बाभळ

@टोळीतली_लेक, नि:शब्द. लिहीत राहा.

वसईची_हवा

गाभ्याबाहेरची मतं म्हणत होतो, इथं तर गाभ्याचीच मतं बाहेरगावी आहेत. जिल्हा परिषद, पंचायत समितीचा विचार करा. गण (पंचायत समितीचा मतदारसंघ) लहान असतो, पाच-पंचवीस गावांतली माणसं आणायची तर संघटनेच्या स्वतःच्या गाड्या होऊ शकतात, आणि दुसऱ्या फळीतली दोन पोरं उभी करता येतील. मृणालताईसुद्धा ग्रामपंचायतीपासूनच गेल्या, @गोरेगाव_पश्चिम यांनी लिहिलंय.

गोरेगाव_पश्चिम

अगदी. आणि निवडणूक नसतानाचंही बघा. मृणालताईंनी आणि बाबुराव सामंतांनी नागरी निवारा परिषद काढली, कमाल जमीन धारणा कायद्याखाली दिंडोशीची जमीन सामान्य माणसाच्या घरांना मिळावी म्हणून कोर्टापर्यंत लढले. सहा हजारांवर घरं झाली. आमदारकी येत-जात राहिली, १९८५ ला पुन्हा आल्या, काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. घरांचं काम या सगळ्यातून चालू राहिलं. माझी मावशी तिथंच राहते.

माळरान

काल रात्री हा धागा ताईंना आणि सगळ्या कार्यकर्त्यांना वाचून दाखवला. टोळीतल्या लेकीचा प्रतिसाद वाचताना कुणी बोललं नाही. मग दोन्ही तटांची जी चर्चा झाली ती पहिल्यांदाच भांडण न होता झाली. मी अजूनही म्हणतो की आपलं माणूस विधानसभेत हवं. पण आधी पंचायत समितीचे गण लढवायचे, त्यात ताई नाहीत, पोरं आणि दोन बायका. आणि कुठल्या कारखान्यावर आपली किती मतं अडकतात याची यादी याच हंगामात करायची. ताईंनी मान हलवली, पण विधानसभेचं अजून बोलल्या नाहीत.

@माजी_स्वीय_सहायक, एक विनंती. आपला आमदार नसला तरी ओळखीच्या एखाद्या आमदारामार्फत प्रश्न टाकता येईल ना? आमच्याकडे पोचांचा गठ्ठा आहे.

माजी_स्वीय_सहायक

येईल. कोणत्याही मतदारसंघाचा आमदार विचारू शकतो, विधान परिषदेचे सदस्यही. दोघातिघांनी एकाच विषयावर दिला तर उत्तम. गठ्ठा सगळा पाठवू नका. एकच प्रकरण निवडा, ज्यात निवेदनाची पोच आहे, तारीख आहे, आणि कार्यालयाचा शिक्का वाचता येतो. अडवून ठेवलेल्या कुटुंबाचं असेल तर पोलिस ठाण्याच्या नोंदीची प्रत जोडा, पण त्या माणसांची नावं प्रश्नात घालू नका, मुकादम शोधून काढतो. मसुदा मी करून देतो. हिवाळी अधिवेशनासाठी सूचना स्वीकारायच्या तारखा आधीच जाहीर होतात, त्या चुकल्या की थेट अर्थसंकल्पी अधिवेशन. तेव्हा या आठवड्यात व्यनि (खाजगी निरोप) करा.